मसाई उजिरींचा हिशेब तीस विजयांवर मिटवू नका

प्रति,
संचालक मंडळ,
मेपल लीफ स्पोर्ट्स अँड एंटरटेनमेंट,
टोरांटो

स. न. वि. वि.

२७ जून २०२५ ला तुम्ही टोरांटो रॅप्टर्स या तुमच्या एनबीए लीगमधल्या बास्केटबॉल संघाचे प्रमुख मसाई उजिरी यांना नारळ दिलात. आदल्याच रात्री ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची, दुसरी फेरी संपली होती. त्याच्या आदल्या रात्री त्यांनी नवव्या क्रमांकावर कॉलिन मरे-बॉइल्सची निवड केली होती. पुढच्या चार-पाच वर्षांची पेरणी त्यांच्याकडून करून घेतलीत आणि दुसऱ्या दिवशी शेत सोडायला सांगितलंत. बारा वर्षं ज्या माणसाने तुमचा संघ बांधला, त्याच्या जाण्याची वेळ अशी का निवडली, हे तुम्ही आम्हाला नीट सांगितलं नाहीत. म्हणून हे पत्र.

मी २००६ साली साताऱ्याहून, मधली काही वर्षं पुण्यात काढून, मिसिसागाला आले. कॉलेजात बास्केटबॉल खेळले होते. नव्या देशात, नव्या थंडीत ओळखीचं असं फार थोडं होतं, त्यात हा खेळ होता. आमच्या घरात रॅप्टर्सबद्दलची सगळी बोलणी मराठीत होतात, भांडणंही मराठीतच होतात. म्हणून पत्रही मराठीत लिहिते आहे.

आधी तुमची बाजू मान्य करते. २०२३-२४ च्या हंगामात २५ विजय, २०२४-२५ मध्ये ३०. सलग तीन वर्षं प्लेऑफचं, म्हणजे हंगामानंतरच्या बादफेऱ्यांचं, दार उघडलं नाही. कुठल्याही संघाच्या प्रमुखाला या आकड्यांबद्दल जाब विचारायला हवा आणि उजिरींनाही विचारायला हवा होता. त्यांना हात लावायचाच नाही, असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की संघ बांधणाऱ्या माणसाची वही शेवटच्या पानावरून वाचता येत नाही. त्याच्या एका निर्णयाचं फळ पाच वर्षांनी हाती येतं, कधी तो खुर्चीत नसतानाही येतं.

माझा मुलगा तेरा वर्षांचा असताना त्याने कालनिर्णयच्या जुन्या पानाच्या पाठीमागे एक वंशावळ काढली होती. माणसांची नव्हे, ट्रेडची. कोण गेला, बदल्यात कोण आला, त्याच्या बदल्यात पुढे कोण. तो कागद अजून माझ्याकडे आहे. त्याच्या मुळाशी आंद्रेआ बार्नानीचं नाव आहे. २००६ च्या ड्राफ्टमध्ये रॅप्टर्सना पहिल्या क्रमांकाचं पिक, म्हणजे निवडीचा हक्क, मिळालं आणि ते बार्नानीवर खर्च झालं. सात वर्षांत तो पोरगा शहराच्या अपेक्षांखाली दबून गेला, आणि शेवटी शेवटी त्याच्या हातात चेंडू गेला की आमच्याच प्रेक्षकांतून हुर्यो उठायची. उजिरी मे २०१३ च्या अखेरीस डेन्व्हरहून आले, तेव्हा ते लीगचे वर्षातले सर्वोत्तम संघव्यवस्थापक ठरलेले होते. जुलैमध्येच त्यांनी बार्नानीला न्यूयॉर्क निक्सकडे पाठवलं. ज्याच्यासाठी कोणी काही देईल असं आम्हाला वाटत नव्हतं, त्याच्या बदल्यात त्यांनी २०१६ चं पहिल्या फेरीचं पिक मिळवलं. ते पिक नवव्या क्रमांकाचं निघालं आणि त्यातून याकोब पर्टल आला. दोन वर्षांनी तोच पर्टल डिमार डिरोझनबरोबर सॅन अँटोनियोला गेला आणि इकडे कवाय लेनर्ड आला. फसलेल्या पहिल्या पिकापासून निघालेली रेघ अशी विजेतेपदापर्यंत जाते.

दुसरी रेघ रूडी गेची. डिसेंबर २०१३ मध्ये संघ ६ विजय आणि १२ पराभवांवर अडकला होता. उजिरींनी रूडी गे याला सॅक्रमेंटोला दिलं. आलेल्या चौघांत ग्रेविस वास्केझ होता, आणि बाकीचा हंगाम संघाने ४२-२२ असा खेळून काढला. २०१५ च्या ड्राफ्टच्या रात्री हाच वास्केझ मिलवॉकीला गेला आणि त्याच्या बदल्यात ४६ व्या क्रमांकाचा नॉर्मन पॉवेल आणि २०१७ चं पहिल्या फेरीचं एक पिक मिळालं. त्या पिकावर, २३ व्या क्रमांकावर, ओजी अनुनोबी आला. एका राखीव पॉइंट गार्डच्या मोबदल्यात दोन असे खेळाडू, ज्यांच्यासाठी आज कुठलाही संघ दहा दारं ठोठावेल. व्यवहार म्हणतात तो हा.

यात नशिबाचा वाटाही होता आणि तो लपवायचं कारण नाही. गे गेल्यावर त्याच महिन्यात काइल लॉरीही न्यूयॉर्कला जायच्या बेतात होता. बार्नानीच्या व्यवहारात हात पोळल्यामुळे निक्सच्या मालकांनीच पाऊल मागे घेतलं, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. तो व्यवहार झाला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं. शिवाय लॉरी, डिरोझन, योनास व्हॅलान्च्युनास हे तिघेही उजिरींच्या आधीचे, ब्रायन कोलँजेलो यांनी आणलेले, आणि प्रशिक्षक ड्वेन केसीही त्यांनीच नेमलेले. पाया दुसऱ्याचा होता. पण लॉरीचा व्यवहार फिसकटल्यावर उजिरींनी हट्ट धरला नाही. समोर जो संघ जिंकू लागला होता त्याच्याकडे त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि आपला बेत बदलला. आपलीच योजना बाजूला ठेवायला माणसाला किती जड जातं, हे तुमच्या टेबलाभोवती बसणाऱ्यांना माहीत असेल.

आता २०१८. या शहराला आपण सोडून दिले जातो अशी सवयच झाली होती. ट्रेसी मॅकग्रेडी गेला, व्हिन्स कार्टर गेला, ख्रिस बॉश गेला. डिरोझन थांबला. २००९ मध्ये नवव्या क्रमांकावर निवडला गेला आणि २०१६ मध्ये दुसरीकडे जाऊ शकत असताना इथेच सही केली. त्यामुळे तो आमच्यासाठी नुसता खेळाडू राहिला नव्हता. २०१७-१८ मध्ये संघाने ५९ सामने जिंकले, पूर्व विभागात पहिला आला, आणि प्लेऑफमध्ये लेब्रॉन जेम्सच्या क्लीव्हलँडने त्याला सलग दुसऱ्या वर्षी ४-० ने धुतलं.

त्या मे महिन्यात केसींना काढलं. जूनच्या अखेरीला लीगने त्यांनाच वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून गौरवलं. जुलैत डिरोझन, पर्टल आणि एक पहिल्या फेरीचं पिक देऊन कवाय लेनर्ड आणि डॅनी ग्रीनला आणलं. लेनर्ड आदल्या हंगामात अवघे नऊ सामने खेळला होता. त्याच्या करारात एकच वर्ष उरलं होतं आणि त्याला टोरांटोला यायचं आहे असं कोणीही म्हणत नव्हतं. माझा मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. त्याने दहा नंबरची जर्सी घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली आणि दोन दिवस रॅप्टर्सचं नाव काढलं नाही. डिरोझनला या व्यवहाराची नीट कल्पना दिली गेली नाही, हा डाग उजिरींवर आहेच. त्याबद्दल त्यांनी जाहीर माफीही मागितली. पण संघ ५९ सामने जिंकत असताना, प्रेक्षक तृप्त असताना, तिकिटं खपत असताना ‘एवढ्यावर आपण कधीच अजिंक्य होणार नाही’ हे स्वतःशी कबूल करायचं, आणि मग त्यावर हुकूम फिरवायचा, याला छाती लागते. हंगाम मस्त चालला असताना फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी व्हॅलान्च्युनासला मेम्फिसकडे देऊन चौतिशीतला मार्क गसोल आणला, तेव्हाही आमच्या घरात आरडाओरडा झाला. मे महिन्यात फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडसमोर गसोल भिंतीसारखा उभा राहिला तेव्हा तो आरडाओरडा थांबला.

माझी आई त्या उन्हाळ्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला खेळातलं फारसं कळत नव्हतं. लेनर्डकडे बघून ती म्हणायची, ‘हा पोरगा हसत का नाही? जेवतो ना नीट?’ १२ मेच्या रात्री, फिलाडेल्फियाविरुद्धच्या सातव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणी, त्याने कोपऱ्यातून मारलेला चेंडू रिंगच्या कडेवर चार वेळा टप्पे घेऊन आत पडला. आई देवघराकडे धावली. त्यानंतर मिलवॉकीविरुद्ध ०-२ वरून ४-२. आणि १३ जूनला ओकलंडमध्ये गोल्डन स्टेटविरुद्ध ११४-११०. अमेरिकेबाहेरचा संघ पहिल्यांदा या लीगचा विजेता झाला. गोल्डन स्टेटचे केव्हिन ड्युरंट आणि क्ले थॉम्पसन जखमी होते हे खरं आहे. तो चेंडू चौथ्या टप्प्यावर बाहेरही पडू शकला असता. पण चेंडू रिंगवर नाचत असताना त्या जागी पोहोचलेला संघ कोणी तरी जमवलेला असावा लागतो. आणि तो संघ कसा जमवला होता? त्यात ड्राफ्टच्या पहिल्या चौदा क्रमांकांतला एकही खेळाडू नव्हता. लेनर्ड १५ वा, लॉरी आणि सर्ज इबाका २४ वे, सियाकम २७ वा, ग्रीन आणि पॉवेल ४६ वे, गसोल ४८ वा. फ्रेड व्हॅनव्ह्लीटची तर ड्राफ्टमध्ये निवडच झाली नव्हती. असा विजेता त्याआधी या लीगने पाहिला नव्हता.

पास्कल सियाकम आणि व्हॅनव्ह्लीट यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ते दोघे मी टीव्हीवर नव्हे, आमच्या मिसिसागात पाहिले. २०१५ मध्ये उजिरींच्या कारकिर्दीत रॅप्टर्स ९०५ हा आपला स्वतःचा डेव्हलपमेंट लीगचा (डी-लीग, म्हणजे एनबीएची धाकटी लीग) संघ इथे सुरू झाला. हर्शी सेंटरमध्ये, जे आता पॅरामाउंट फाइन फूड्स सेंटर आहे, आम्ही स्वस्तातली तिकिटं काढून जायचो. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या असायच्या. एक लांब पायांचा कॅमेरूनचा मुलगा दर वेळी सगळ्यांच्या आधी दुसऱ्या टोकाला पोहोचलेला असायचा. नेम अजून बसलेला नव्हता, पण धावणं थांबत नव्हतं. हा सियाकम. उजिरी ज्या आफ्रिकेतल्या शिबिरांचं काम पाहायचे त्यांतल्याच एका शिबिरात, २०१२ मध्ये, तो खेळलेला होता. २०१७ मध्ये ९०५ ने डी-लीगचं विजेतेपद मिळवलं आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. दोन वर्षांनी ओकलंडच्या त्या शेवटच्या सामन्यात त्याने २६ गुण केले, व्हॅनव्ह्लीटने २२. व्हॅनव्ह्लीटही त्याच रिकाम्या खुर्च्यांसमोर घडला होता.

माझ्या मते उजिरींचा खरा वारसा हा आहे. लेनर्ड आणणं हा जुगार होता, लागला. पण २७ व्या क्रमांकाच्या मुलाला धीराने दोन वर्षं घडवणारी व्यवस्था हा जुगार नव्हता. प्रशिक्षक, निरीक्षक, छोट्या मैदानावरची मोठी मेहनत आणि त्यासाठी लागणारा पैसा, हे सगळं कोणी तरी एकत्र गुंफलं होतं. ती व्यवस्था कधी चुकलीही. २०१४ मध्ये २० व्या क्रमांकावर घेतलेला ब्रुनो कबोक्लो इथे कधीच रुजला नाही. तरीही तिच्यातून आलेली माणसं मोजली तर तुमच्या संघाच्या इतिहासातलं सगळ्यात चांगलं पीक तेच आहे.

आता चुकांकडे येते. त्या मी झाकणार नाही, कारण त्या पाहताना आम्हाला घरी जीव नकोसा व्हायचा.

ज्या माणसाने ५९ विजयांचा संघ मोडायची हिंमत दाखवली, त्याला स्वतःचा विजेता संघ मोडता आला नाही. लेनर्ड २०१९ च्या जुलैत क्लिपर्सकडे गेला. ती जोखीम ठरवून घेतलेली होती, त्याबद्दल तक्रार नाही. पुढच्या हंगामात त्याच्याविना संघ ५३-१९ खेळला, तो आम्हाला सगळ्यांत प्रिय संघ. मग करोना आला. गसोल आणि इबाका करार संपवून गेले. संघाला सीमेपलीकडे टॅम्पात बिऱ्हाड करावं लागलं आणि हंगाम २७-४५ वर संपला. २५ मार्च २०२१ ला ट्रेडची मुदत संपली. त्याच दिवशी लॉरी ३५ वर्षांचा झाला. तीन-चार संघ त्याच्यासाठी रांगेत असल्याच्या बातम्या होत्या. उजिरींनी त्याला दिलं नाही. उन्हाळ्यात तो मायामीला गेला आणि आपल्याला गोरान ड्रागिच आणि प्रेशस अचिउवा मिळाले. ड्रागिच इथे जेमतेम पाच सामने खेळला. पुढे त्याच्यासोबत एक पहिल्या फेरीचं पिकही जोडून दिलं आणि थॅडियस यंग आणला. मुलाच्या कागदावरच्या रेघा इथून बारीक व्हायला लागतात.

त्या काळात एक कल्पना डोक्यात बसली होती. उंच, लांब हातांचे, एकाच मापाचे खेळाडू घ्यायचे, सगळे सगळ्यांना अडवतील. अडवायचेही. पण प्रतिस्पर्धी पाय रोवून उभे राहिले की आपल्याकडे बाहेरून नेम साधणारं कोणी नसायचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये संघ निम्म्याहून जास्त सामने हरलेला होता. व्हॅनव्ह्लीटचा करार उन्हाळ्यात संपू शकत होता, सियाकम आणि अनुनोबीलाही चांगला भाव होता. विकायची वेळ होती. उजिरींनी उलट खरेदी केली. पर्टलला परत आणलं आणि २०२४ चं पहिल्या फेरीचं पिक दिलं. ते पुढे आठव्या क्रमांकाचं निघालं. पर्टल चांगला खेळाडू आहे. मला तो आवडतो. पण बार्नानीच्या कचऱ्यातून जो फुकटात उगवला होता, त्याच्यासाठी आता सोनं मोजलं.

तो हंगाम ४१-४१ वर संपला. प्लेऑफमध्ये शिरण्यासाठीचा प्ले-इनचा सामना घरच्या मैदानावर शिकागोविरुद्ध होता आणि शिकागोकडून डिरोझन खेळत होता. त्याची लहान मुलगी प्रेक्षकांत बसून आमच्या प्रत्येक फ्री थ्रोच्या वेळी किंचाळत होती. रॅप्टर्सनी ३६ पैकी १८ फ्री थ्रो घालवले आणि सामना चार गुणांनी गमावला. उन्हाळ्यात व्हॅनव्ह्लीट ह्यूस्टनला गेला, बदल्यात एक पैसा नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. सियाकमच्या नव्या कराराचं घोंगडं तर भिजतच पडलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये अनुनोबी न्यूयॉर्कला आणि जानेवारीत सियाकम इंडियानाला गेला, तेव्हा दोघांच्याही करारांची मुदत संपत आली होती आणि समोरच्याला ते माहीत होतं.

२०२५ च्या मे महिन्यात पूर्व विभागाच्या अंतिम मालिकेत एका बाजूला अनुनोबी होता, दुसऱ्या बाजूला सियाकम. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम. २२ जूनला तो अंतिम मालिकेचा सातवा सामना ओक्लाहोमा सिटीविरुद्ध खेळला आणि हरला. बरोबर पाच दिवसांनी तुम्ही उजिरींना काढलंत. ते सामने आम्ही सगळे एकत्र बसून पाहिले. अभिमान वाटत होता आणि घशाशी काही तरी अडकतही होतं.

म्हणून म्हणते, हिशेब मागायची वेळ २०२३ ची होती. त्या वर्षी प्रशिक्षक निक नर्स यांना काढलं गेलं आणि उजिरींना तुम्ही ठेवलंत. मग त्यांनी अखेर जे टाळलं होतं ते केलं, संघ मोडला आणि नव्याने मांडायला घेतला. अनुनोबीच्या बदल्यात इमॅन्युएल क्विकली आणि आमच्याच मिसिसागात वाढलेला आरजे बॅरेट आले. सियाकमच्या बदल्यात तीन पहिल्या फेरीची पिकं आली. त्यांतल्या एकातून जाकोबी वॉल्टर, दुसऱ्याच्या बदल्यात ओचाई अगबाजी आणि केली ऑलिनिक, तिसरं पिक फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रँडन इंग्रॅमसाठी खर्च झालं. क्विकली २०२४-२५ च्या हंगामात दुखापतींमुळे फक्त ३३ सामने खेळला. इंग्रॅमशी तीन वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला, पण घोट्याच्या दुखापतीमुळे त्या हंगामात तो एकदाही आपल्या जर्सीत मैदानात उतरला नाही. या सगळ्यांच्या मधोमध स्कॉटी बार्न्स आहे. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये जवळपास सगळे जेलन सग्जचं नाव घेत असताना उजिरींनी चौथ्या क्रमांकावर त्याला उचललं, आणि पुढच्या वर्षी तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

क्विकली, बॅरेट, इंग्रॅम, बार्न्स आणि पर्टल हे पाच जण एकत्र जिंकतील का? मला खात्री नाही. इंग्रॅम, बॅरेट आणि बार्न्स तिघांनाही चेंडू हातात लागतो आणि तिघांपैकी एकही भरवशाचा तीन गुणांचा नेमबाज नाही, ही माझी स्वतःची शंका आहे. पगारांचं ओझंही मोठं आहे. पण तुम्ही उजिरींना काढलंत तेव्हा हा संघ एकदाही एकत्र खेळलेला नव्हता. चूल पेटवून, डाळ टाकून, झाकण उघडायच्या आधीच तुम्ही स्वयंपाकीण बदललीत.

काढण्यामागचं खरं कारण मैदानावरचं होतं की तुमच्या बैठकीच्या खोलीतलं, हा प्रश्न म्हणूनच इथल्या प्रत्येक घरात विचारला जातो आहे. २०२१ मध्ये त्यांच्या नव्या कराराला तुमच्यातल्याच एका बड्या भागधारकाचा विरोध होता, असं वृत्तपत्रांत छापून आलं होतं. १ जुलैला तुमच्या कंपनीतला बेलचा ३७.५ टक्के वाटा रॉजर्सकडे (दोन्ही दूरसंचार कंपन्या) गेला आणि मालकीचा तराजू पूर्ण झुकला. उजिरींना काढणं आणि हा व्यवहार यांत चार दिवसांचं अंतर आहे. मालकाला आपला माणूस नेमायचा हक्क असतो. तसं असेल तर तसं सांगा. ३० विजयांच्या आड लपू नका.

आणखी एक गोष्ट आकड्यांत बसत नाही, तरी लिहिते. उजिरी नायजेरियातल्या झारियात वाढले. या लीगमधलं त्यांचं पहिलं काम होतं बिनपगारी निरीक्षकाचं. विजेतेपदाच्या रात्री, आपल्याच संघाकडे जाताना, ओकलंडच्या मैदानात एका पोलिसाने त्यांना ढकललं. वर त्यांच्यावरच खटला भरला. पुढच्या वर्षी त्या पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर आलं आणि आधी कोणी कोणाला ढकललं ते जगाने पाहिलं. माझ्या ओळखीच्या कितीतरी स्थलांतरित घरांत ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं गेलं. गळ्यात ओळखपत्र आहे आणि तरी दारात अडवलं जातं, ही गोष्ट आम्हाला कोणी समजावून सांगावी लागत नाही. तो माणूस या शहराचा सर्वांत यशस्वी खेळप्रमुख होता, याचा अर्थ आमच्या मुलांना कळत होता.

तुमच्याकडे माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. उजिरींच्या जागी येणाऱ्या माणसाला किती मुदत आहे आणि त्याची परीक्षा कशावर होणार, हे आधी जाहीर करा. प्लेऑफ हवं की विजेतेपद, हे एकदा ठरवा. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. २०२१ ते २०२३ मध्ये दोन्ही रस्त्यांवर एकेक पाय ठेवल्यानेच आपली ही गत झाली. दुसरं, २०१८ सारखा अंगावर येणारा निर्णय घ्यायची मुभा त्या माणसाला आहे का, ते स्पष्ट करा. ज्याला दर हंगामाच्या शेवटी खुर्चीची काळजी करायची आहे, तो कधीही डिरोझनला देऊन लेनर्ड आणणार नाही. तो पर्टललाच परत आणेल. आणि तिसरं, निरीक्षकांच्या आणि ९०५ च्या खर्चाला कात्री लावू नका. नवा मालक आला की पहिली नजर अशाच कमी दिसणाऱ्या खात्यांवर जाते. संघव्यवस्थापक बॉबी वेब्स्टर सध्या तरी इथेच आहेत, ही जमेची बाजू. ही व्यवस्था कशी चालते हे त्यांनी आतून पाहिलं आहे.

नोव्हेंबरमध्ये ९०५ चा हंगाम सुरू होईल. मुलगा आता विद्यापीठात जाईल, पण घरच्या पहिल्या सामन्याला येणार असं त्याने कबूल केलं आहे. आमची तिकिटं खालच्या बाजूची, बास्केटच्या मागची असतात. तुमच्यापैकी कोणी एकाने एकदा येऊन बसावं. खुर्च्या मोकळ्या असतात. तिथून जी मुलं धावताना दिसतात त्यांतला कोण पुढे काय होईल, हे त्या रात्री कोणालाच सांगता येत नाही. आम्हालाही सियाकमचं सांगता आलं नव्हतं.

आपली,
मिसिसागाची एक रॅप्टर्सप्रेमी
जुलै २०२५